पावसाआधी गाडीला वॅक्स

डिंभ्याचा पाऊस सुरू व्हायच्या आधीच, मे महिन्यात, गाडीला वॅक्स लावून घ्या. पॉलिश आणि वॅक्स एकच, असं बरेच जण समजतात; तसं नाही. पॉलिश रंगाचा पातळ थर घासून काढतं आणि तो परत येत नाही. वॅक्स वरून बसतं, पाणी थोपवतं. कार्नुबा वॅक्स ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरून काढतात. चमक सुरेख, पण टिकतं थोडेच आठवडे. आपल्या पावसाला सिंथेटिक सीलंट बरं. आधी भीमाशंकर रस्त्याची धूळ कार शाम्पूने धुवा, नाहीतर फडक्याखाली तीच ओरखडे पाडते. गाडी सावलीत, पत्रा गार हवा. थर अगदी पातळ. जाड लावला तर पुसता पुसता हात भरून येतात! बोटाने पुसून बघा, चिकट न लागता साफ निघालं की मायक्रोफायबरने पुसा. नंतर गाडी धुताना भांड्यांचा साबण नको, त्याने वॅक्स निघून जातं.