एकलहरेतील गेट पास आणि ओळखपत्र छापण्याचे यंत्र

नाशिक रोडजवळ, गोदावरीच्या परिसरातील एकलहरे येथे महानिर्मितीचे औष्णिक विद्युत केंद्र असून, 140 मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाल्यानंतर तेथे 210 मेगावॅटचे तीन संच, म्हणजे 630 मेगावॅट क्षमता उरली आहे. याच गावात मातोश्री अभियांत्रिकी महाविद्यालयही असल्यामुळे, संस्थेने ओळखपत्र छापण्याचे यंत्र कसे निवडावे या प्रश्नाची दोन वेगळी रूपे येथे शेजारी-शेजारी आढळतात. वीज केंद्रासारख्या ठिकाणी कायम कर्मचाऱ्याचे कार्ड वर्षानुवर्षे टिकावे लागते. उलट संचाच्या नियोजित ओव्हरहॉलिंगसाठी ठेकेदारामार्फत येणाऱ्या कामगारांना थोड्या दिवसांचे, पण एकदम पुष्कळ गेट पास लागतात. महाविद्यालयात प्रवेशाच्या हंगामात कार्डांची झुंबड उडते आणि पुढे वर्षभर हरवलेले किंवा नाव चुकलेले एखाददुसरे कार्ड तेवढे छापावे लागते. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी कोणत्या महिन्यात किती कार्डे लागतात आणि प्रत्येक कार्ड किती काळ चालायला हवे, हा हिशेब मांडावा लागतो.

कार्डाचे माप सर्वत्र एकच, म्हणजे बँकेच्या कार्डाइतके, 85.6 बाय 53.98 मिलिमीटर आणि जाडी 0.76 मिलिमीटर असते. थेट छपाईच्या यंत्रात प्रिंट हेडमधील सूक्ष्म तापक रिबनवर दाबले जातात आणि त्या उष्णतेने पिवळा, किरमिजी व निळसर असे तीन रंग एकामागून एक पीव्हीसीच्या पृष्ठभागात मुरतात; त्यानंतर काळ्या रेझिनने अक्षरे व बारकोड उमटतात आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर चढतो. रिबनवरील या पाच पट्ट्यांना पॅनेल म्हणतात, आणि कार्डावर रंगाचा एकच ठिपका असला तरी पाचही पॅनेलांचा पूर्ण संच खर्ची पडतो. रंगीत रिबन साधारणपणे दोनशे-तीनशे कार्डांत संपते, तर केवळ काळी रिबन हजार किंवा त्याहून अधिक कार्डे काढते. त्यामुळे अल्पमुदतीच्या गेट पाससाठी बोधचिन्ह व रंगीत पट्टी ऑफसेटवर आधीच छापून घ्यावी आणि नाव, ठेकेदार, मुदत व छायाचित्र काळ्या रिबनने छापावे, हे शहाणपणाचे. असे छायाचित्र देखणे येत नाही. पण गेटवरील सुरक्षारक्षकाला चेहरा पटला की पासचे काम झाले.

एकलहरेसारख्या ठिकाणी यंत्राचा खरा शत्रू धूळ आहे. वीज केंद्रात जाळल्या जाणाऱ्या भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण बरेचदा 30 ते 40 टक्के असते, आणि स्थिर विद्युतभारामुळे कोरे पीव्हीसी कार्ड बारीक कण सहज ओढून घेते. असा कण कार्ड आणि प्रिंट हेड यांच्यामध्ये घासला गेला की एखादा तापक कायमचा निकामी होतो आणि पुढील प्रत्येक कार्डावर त्याच जागी पांढरी रेघ उमटत राहते. प्रिंट हेड हा यंत्रातील महागड्या भागांपैकी एक असल्याने यंत्र गेटच्या खिडकीत न ठेवता बंद खोलीत ठेवावे आणि रिबन बदलताना प्रत्येक वेळी अल्कोहोलयुक्त सफाई कार्ड फिरवावे. पुनर्हस्तांतरण पद्धतीत चित्र आधी पातळ फिल्मवर छापून मग ती फिल्म उष्णतेने कार्डावर चिकटवली जाते. हेड कार्डाला शिवतच नाही, छपाई कडेपर्यंत पोचते आणि चिपमुळे आलेला उंचसखलपणाही झाकला जातो. हे यंत्र महाग असते, मात्र हजेरीची चिप असलेल्या कायम कार्डांसाठी तो खर्च सार्थ ठरतो.

विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात देवनागरीची परीक्षा सहसा होत नाही. काही सॉफ्टवेअर मराठी मजकूर अक्षर म्हणून न पाठवता चित्र म्हणून पाठवतात. मग तो काळ्या रेझिनऐवजी तीन रंगांच्या मिश्रणातून उमटतो आणि बारीक मात्रा व जोडाक्षरे फुटतात. याच कारणाने रंगमिश्रित काळा बारकोड इन्फ्रारेड वाचकाला दिसत नाही. ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रद्धा’, ‘कऱ्हाडकर’ अशी नावे संस्थेच्याच संगणकावरून छापून पाहिल्याशिवाय यंत्र पसंत करू नये.

महाविद्यालयाने हंगामातील मोठा गठ्ठा बाहेरच्या दुकानात करून घेणे बहुधा स्वस्त पडते, कारण तेथे अनेक कार्डांचे शीट एकदम छापून, उष्णतेच्या दाबाखाली जोडून मग कापले जाते. वर्षभराच्या किरकोळ कामाला एका बाजूने छापणारे छोटे यंत्र पुरते. यंत्र कोणतेही घेतले तरी सर्वांत कमी दराची, म्हणजे एल-वन ठरणारी निविदा केवळ यंत्राच्या किमतीवर ठरवणे चुकीचे आहे. अनेक उत्पादकांच्या रिबनमध्ये चिप असते आणि दुसऱ्याची रिबन त्या यंत्रात चालत नाही, म्हणून पाच वर्षांच्या रिबन, प्रिंट हेड आणि सफाई साहित्यासह प्रति कार्ड खर्च मागवावा. वापरलेल्या काळ्या रिबनवर छापलेले प्रत्येक नाव आणि क्रमांक उलट्या ठशासारखा वाचता येतो. ती भंगारात न देता कातरून नष्ट करण्याची जबाबदारी कोणाकडे राहील, हेही खरेदीच्या वेळीच लेखी ठरवावे.