चांदीचे थेंब आणि अँटिबायोटिकची गोळी

“अँटिबायोटिकला चांदीची जोड द्या, मग कुठलाही हट्टी जंतू टिकत नाही.” चांदीचं पाणी बाटलीत भरून विकणारे हे सांगतात, फॉरवर्ड होणारे संदेशही हेच सांगतात. शेवटी ठरलेलं वाक्य असतंच: शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.

काय सिद्ध केलंय? २०१३ साली बोस्टन विद्यापीठातील जेम्स कॉलिन्स यांच्या गटाचा शोधनिबंध ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये आला. व्हॅन्कोमायसिन या अँटिबायोटिकचा रेणू अवजड असतो, ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातून तो आत शिरत नाही. चांदीच्या आयनांनी ते आवरण सैल केलं आणि औषधाला वाट मिळाली. पोटाच्या पोकळीत संसर्ग झालेल्या उंदरांपैकी नुसत्या व्हॅन्कोमायसिनवर सुमारे १० टक्के वाचले, चांदीसह ९० टक्के. काम अस्सल आहे. पण ते उंदरांवरचं, काटेकोर मात्रेतलं, ठरावीक जंतूवरचं. त्याच्या जोरावर घरोघरी थेंब विकणं ही शुद्ध फसवणूक आहे! पोटात घ्यायची कलिल चांदी सुरक्षित किंवा परिणामकारक मानता येत नाही, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्येच जाहीर केलं. ती अंगात साठत गेली की कातडी निळसर करडी पडते आणि तो रंग सहसा जात नाही.

“धातूला जंतू सरावत नाहीत” हेही खोटंच. १९७५ साली बोस्टनच्याच एका रुग्णालयातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला. पुढे त्यातली जनुकं उलगडली: चांदी पेशीबाहेर उपसून टाकणारे पंप बनवणारी. ज्या प्लाझ्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) ती होती, त्याच प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन अशा औषधांना दाद न देणारी जनुकंही होती. म्हणजे चांदीचा बेफाम वापर अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही पोसू शकतो.

घरात तर बऱ्याचदा उलटंच घडतं. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी दुधाबरोबर घेतली, किंवा पाठोपाठ लोहाची, कॅल्शियमची गोळी नाहीतर अँटासिड घेतलं, की धातूचे आयन औषधाला पकडून ठेवतात. ते रक्तात कमीच पोचतं. म्हणून धातू असलेल्या या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर सिप्रो घ्यायची असते. टेट्रासायक्लिनलाही हे आयन असंच पकडून ठेवतात.

मग धातूची जोड कुठेच उपयोगी नाही? आहे, आणि दवाखान्यात रोज वापरात आहे. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरीसाठी आम्ल कमी करणारं औषध, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल यांच्यासोबत बिस्मथ देतात. डॉक्टर आधीच सांगतात की शौचाला काळं होईल, घाबरू नका. याच बिस्मथबद्दल २०१८ मध्ये हाँगकाँगच्या संशोधकांनी दाखवलं की कार्बापेनेम औषधं तोडणाऱ्या एनडीएम-१ या विकराच्या गाभ्यातलं जस्त ते हुसकावून लावतं. विकर निकामी झालं की मेरोपेनेमला पुन्हा धार येते. हेही अजून उंदरांपर्यंतच.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम कातडीसाठी असतं, ते चांदी पिण्याचं समर्थन नव्हे.

जखमेवरच्या पावडरमधलं जस्त शोभेचं नसतं, बॅसिट्रॅसिनला काम करायला ते लागतंच.

तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाबाचे जंतू मेल्याचं २०१२ च्या एका भारतीय अभ्यासात दिसलं, पण ते भांड्यातले. तापाने फणफणलेल्या माणसाच्या रक्तातले नव्हेत.