ऑफिसचे पीसी तुमच्या गळ्यात पडलेत?

‘तू कॉम्प्युटरवाला ना? मग बघ जरा याला काय झालंय!’ ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून डोंबिवली एमआयडीसीपर्यंत, छोट्या ऑफिसात इंटर्नशिप करणाऱ्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. ऑफिसात वीस-पंचवीस पीसी असतात, पण वेगळा आयटीवाला नसतो. मग बीएस्सी आयटी किंवा बीसीए करणारी एखादी पोरगी आपोआप ‘आयटी डिपार्टमेंट’ होऊन जाते. काम किरकोळ वाटतं खरं, पण त्याच पीसींमध्ये टॅलीचा हिशोब, जीएसटीचे रिटर्न आणि सगळ्यांच्या पगाराचा तपशील असतो.

हे बिघडलं तर काय होतं, ते आपल्या जवळच घडून गेलंय. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. सुरुवात झाली युक्रेनमध्ये, हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्यात मर्स्क ही जहाज कंपनी सापडली आणि तिच्याच समूहाकडे असलेलं न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनलही ठप्प झालं. कंटेनर अडकले, कामं हाताने करायची वेळ आली. व्हायरसने वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे तीन महिने आधी दिला होता. पण नॉटपेट्या मशिनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचे पासवर्डही उचलायचा. त्यामुळे पॅच टाकलेले पीसीसुद्धा सुटले नाहीत.

म्हणजे नुसतं अपडेट करून भागत नाही. मग पहिल्या महिन्यात नक्की काय करायचं?

आधी यादी
एक एक्सेल शीट उघडा. प्रत्येक पीसीला नंबर द्या. कोण वापरतं, विंडोज कुठलं, रॅम किती, लायसन्स कुठलं, वॉरंटी कधीपर्यंत हे सगळं त्यात लिहा. कुठला पीसी कधी बिघडला आणि कशाने सुरू झाला, त्याचा कॉलमही ठेवा. सहा महिन्यांनी तोच पीसी पुन्हा अडला तर हा कॉलम कामाला येतो.

अ‍ॅडमिन सगळ्यांना नको
रोजच्या कामाला साधं अकाउंट पुरतं. अ‍ॅडमिन अकाउंट वेगळं ठेवा आणि फक्त इन्स्टॉलेशनसाठी वापरा. सगळ्या पीसींना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड असेल तर एक पीसी गेला की सगळेच गेले, नॉटपेट्यासारखं. ‘पण सरांना अ‍ॅडमिन हवंय’ असं झालं तर सरांना दुसरं अकाउंट करून द्या. नोकरी सोडून गेलेल्याचं अकाउंट मात्र त्याच दिवशी बंद करा.

अपडेट करा, पण टप्प्याने
मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून बुधवारी सकाळी कामाला लागा. आधी दोन पीसींवर टाका, त्यात एक तुमचा स्वतःचा. प्रिंटर, टॅली, डिजिटल सिग्नेचर चालतंय ना बघा, मग दोन-तीन दिवसांनी बाकीच्यांवर. सगळ्यांवर एकदम टाकलं की काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला दिसलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज पीसी निळ्या स्क्रीनवर अडकले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले! त्या दिवशी अनेक पीसींपुढे बसून ते एकेक करून सुरू करावे लागले आणि ज्यांची डिस्क बिटलॉकरने बंद होती त्यांना ४८ आकडी रिकव्हरी की लागली. तुमच्या ऑफिसच्या या कीज कुठे आहेत, ते आजच विचारून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या, टप्प्याने म्हणजे काही दिवस. महिनोन् महिने थांबणं नव्हे.

बॅकअप उघडून बघा
डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या कल्याणकरांना ‘ऑफिसबाहेर’ का, हे वेगळं सांगायला नको. बॅकअपची हार्ड डिस्क काम झालं की काढून ठेवा, कारण जोडलेल्या डिस्कलाही व्हायरस लागतो. मर्स्कच्या नेटवर्कचा कणा असलेल्या सर्व्हरची एकच प्रत वाचली होती, घानाच्या ऑफिसात. तीही तिथली लाइट गेल्यामुळे मशिन बंद होतं म्हणून! मग कंपनीने दहा दिवसांत ४५ हजार पीसी नव्याने उभे केले. आपण लाइट जाण्याच्या भरवशावर राहायला नको. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल परत आणून, उघडून बघा.

विंडोज १० अजून आहे?
त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे बरेच जुने पीसी बसत नाहीत. ऑफिसांना काही काळ पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात. फक्त ब्राउझर आणि टायपिंगचं काम असेल तर त्या पीसीवर लिनक्सही छान चालतं. कुठल्या पीसीचं काय करायचं, हे तुमच्या यादीवरूनच ठरेल.

‘बंद करून चालू केला’ म्हणजे काय?
विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर सिस्टिम पूर्ण बंद होत नाही, तिचा काही भाग डिस्कवर साठवला जातो. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून ‘मी बंद करून बघितलं’ असं कुणी म्हणालं तरी एकदा रिस्टार्ट करायला सांगा. आणि फोनवर अंदाज बांधत बसण्यापेक्षा एररचा फोटो मागवा.

यातलं बहुतेक सगळं फुकटात होतं, लागतो तो वेळ. तो कामाच्या वेळेत मागून घ्या, कारण हे ‘जरा बघ’ प्रकारातलं काम नाहीच. आणि इंटर्नशिप संपवून निघाल तेव्हा यादी आणि अ‍ॅडमिन पासवर्ड जबाबदार माणसाच्या हाती द्या. नाहीतर तुमच्यानंतर येणाऱ्या पोराला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.