धाराशिवच्या हवेत नायट्रो इंजिन

रेडिओ लहरींनी दुरून चालवल्या जाणाऱ्या छोट्या मोटारींत एक वर्ग बॅटरीवर धावणाऱ्यांचा असतो आणि दुसरा खऱ्या, धूर सोडणाऱ्या इंजिनावर धावणाऱ्यांचा. या दुसऱ्या वर्गाला त्याच्या इंधनातील नायट्रोमिथेन या द्रवावरून 'नायट्रो' हे नाव पडले असून, मातीच्या उंचसखल वाटेवर उड्या घेत धावण्यासाठी बांधलेली एक अष्टमांश प्रमाणाची बगी हा त्यातील सर्वांत मानाचा प्रकार समजला जातो. बॅटरीची मोटार कळ दाबताच कोणत्याही गावात जवळजवळ सारखीच पळते. नायट्रो इंजिनाला मात्र ते जिथे चालवायचे तिथली उंची, ऊन, दमटपणा आणि धूळ यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. त्यामुळे इंजिन कोणते घ्यावे आणि ते कसे लावावे हा प्रश्न एखाद्या ठरावीक मुलखाच्या संदर्भातच नीट कळतो. बालाघाटच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलेले धाराशिव, मे महिन्यातील चाळीस अंशांचे ऊन, मार्गशीर्षातील कोरडी गार पहाट, पायाखालचा मुरूम आणि काळी माती या साऱ्यांचा त्या चिमुकल्या इंजिनावर परिणाम होतो, आणि परदेशी बनावटीच्या इंजिनासोबत येणारी माहितीपुस्तिका या मुलखाचा विचार करून लिहिलेली नसते.

हे इंजिन दोन धावांचे, म्हणजे 'टू-स्ट्रोक' जातीचे असते आणि त्यात ठिणगी पाडणारी कोणतीही विद्युत यंत्रणा नसते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ साली 'ग्लो प्लग' बाजारात आणला, तेव्हापासून छोट्या इंजिनांना ठिणगीसाठी लागणारी कॉइल आणि बॅटरी वाहून न्यावी लागत नाही. या प्लगात प्लॅटिनमयुक्त तारेचे एक बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ते लालबुंद तापवले जाते, इंजिन चालू झाले की सेल काढून घेतला जातो, आणि त्यानंतर मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया करून उष्णता देत राहते, तर प्रत्येक स्फोट ते वेटोळे पुढच्या स्फोटासाठी पुन्हा तापवून ठेवतो. प्लॅटिनम आणि मिथेनॉल यांच्या या नात्यामुळेच अशा इंजिनात पेट्रोल घालून भागत नाही. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती उडवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्यांना हे ग्लो इंजिन नवखे वाटणार नाही. कोलकात्यात तयार होणारी 'अरोरा' नावाची छोटी इंजिने भारतीय छांदिष्टांच्या एका पिढीच्या हाताखालून गेलेली आहेत.

इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल असे तीन घटक असतात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे साडेसहा किलो पुरते आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो, कारण त्याच्या रेणूत स्वतःचा प्राणवायू असतो. वजनाच्या हिशेबाने नायट्रोमिथेनमधील ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम पाव भागाइतकी आहे. पण सिलिंडरमध्ये शिरणारी हवा मर्यादित असते आणि तेवढ्याच हवेत ते पेट्रोलच्या कितीतरी पट अधिक जाळता येते, म्हणून प्रत्येक स्फोटातून मिळणारे बळ वाढते. शर्यतीच्या बग्यांत साधारणपणे २५ टक्के नायट्रोमिथेन असलेले इंधन वापरतात, नवशिक्याला १६ ते २० टक्के पुरेसे असते. इंजिनाला वंगणाची वेगळी टाकी नसल्याने तेल इंधनातच मिसळलेले असते, आणि त्यात कृत्रिम तेलाबरोबर एरंडेलाचा अंश ठेवण्याची प्रथा आजही टिकून आहे, कारण अतिशय तापलेल्या धातूवर एरंडेलाचा थर इतर तेलांच्या आधी फाटत नाही. मिनिटाला तीस हजार फेरे, म्हणजे सेकंदाला पाचशे, असा वेग झेलणाऱ्या पिस्टनचे आयुष्य या थरावरच अवलंबून असते.

निवडीचा विचार घनफळापासून सुरू होतो. इंजिनांवर '१२', '१५', '१८', '२१', '२८' असे आकडे असतात. ते घन इंचाचे शतांश असतात, त्यामुळे '१२' म्हणजे सुमारे दोन, '२१' म्हणजे सुमारे साडेतीन आणि '२८' म्हणजे सुमारे ४.६ घनसेंटिमीटर. लहान, एक दशांश प्रमाणाच्या मोटारीला '१२' ते '१८' पुरते. एक अष्टमांश बगीच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत ३.५ घनसेंटिमीटर ही कमाल मर्यादा आणि १२५ घनसेंटिमीटरची टाकी हे नियमच आहेत. मोठा आकडा पाहून '२८' घेण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु अधिक घनफळाबरोबर उष्णता, इंधनाचा खप आणि क्लचवरील ताणही वाढतो. मुरमाच्या वाटेवर चाके आधीच घसरत असतात, तिथे अफाट ताकदीपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारी, हळूहळू चढत जाणारी ओढ अधिक उपयोगी पडते. म्हणून कमाल अश्वशक्तीची जाहिरात करणाऱ्या इंजिनापेक्षा लांब स्ट्रोकचे, सिलिंडरच्या भिंतीत बेताच्या संख्येने वाटा असलेले इंजिन मातीसाठी सरस ठरते. या वाटांना 'पोर्ट' म्हणतात, आणि ताजे मिश्रण त्यांतूनच पिस्टनच्या वर येते. कार्ब्युरेटरच्या तोंडात बसवायच्या लहान-मोठ्या छिद्रांच्या कड्या इंजिनासोबत मिळतात. लहान छिद्राची कडी हवा आवळते, इंजिन सौम्य करते आणि एका टाकीत अधिक वेळ धावू देते. नवख्या चालकाने याच कडीने सुरुवात करावी.

इंजिन विकत घेताना त्याच्या धातूकडे लक्ष देणे सर्वांत महत्त्वाचे. चांगल्या इंजिनात पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि बाही, म्हणजे 'स्लीव्ह', पितळेची व आतून क्रोमचा मुलामा दिलेली असते. ही बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड असताना पिस्टन वर पोहोचताच घट्ट अडकल्यासारखा होतो. हा दोष नसून तीच इंजिनाची तब्येत आहे, कारण तापल्यावर पितळ ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या पिस्टनपेक्षा अधिक फुगते आणि दोघांत नेमके हवे तेवढे अंतर उरते. जुने इंजिन घेताना हा घट्टपणा हाताने चक्र, म्हणजे 'फ्लायव्हील', फिरवून पाहता येतो. तो नाहीसा झाला असेल तर बाकी चकाकी कितीही असो, इंजिन संपत आलेले आहे. याच कारणाने नवे इंजिन थंडगार ठेवून, इंधनाचा महापूर देत तासन्‌तास चालवण्याची जुनी पद्धत सदोष ठरते: अडकलेला पिस्टन त्या घट्ट भागावर घासत राहतो. आधी हवेच्या गरम झोताने सिलिंडरचा माथा तापवावा, मग थोडे जास्त इंधन ठेवून पण सुमारे ९० अंश तापमान राखून हळूहळू चालवावे, एक टाकी संपली की पिस्टन खाली आणून पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि असे चार-सहा वेळा करून मगच जोर द्यावा.

जुळणीचा गाभा हवेच्या घनतेत आहे. कार्ब्युरेटर आकारमानाने हवा ओढतो, तर ज्वलनाला वजनाने प्राणवायू लागतो. धाराशिवच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सात टक्के कमी असतो, आणि दहा अंशांवरून चाळीस अंशांवर गेलेली हवा आणखी सुमारे दहा टक्के विरळ होते. पश्चिमेला परंड्याकडे, सीनेच्या खोऱ्यात उतरले की उंची घटून दाब थोडा वाढतो. पावसाळ्यात हवेतील बाष्प प्राणवायूची जागा अडवते. हवा विरळ झाली की तेच इंधन तुलनेने जास्त ठरते, या स्थितीला 'रिच' म्हणतात. हवा दाट झाली की तेच इंधन कमी पडते, त्याला 'लीन' म्हणतात. रिच इंजिन धूर ओकते, अडखळते, पण वाचते. लीन इंजिन क्षणभर अप्रतिम पळते आणि जळते, कारण इंधन कमी म्हणजे वंगणाचे तेलही कमी आणि आतील गारवाही कमी. मे महिन्याच्या दुपारी लावलेले इंजिन डिसेंबरच्या सकाळी, काहीही न बदलता सोडले, तर त्याच्यावर नेमका हाच प्रसंग ओढवतो. गार हवेत इंजिन तापणार नाही असे सर्वांना वाटते, पण गार दाट हवाच त्याला लीन करते.

इंधन कमी-जास्त करण्यासाठी कार्ब्युरेटरवर दोन सुयांचे स्क्रू असतात: एक वेगासाठी, दुसरा कमी फेऱ्यांसाठी. दोन्ही घड्याळाच्या दिशेने फिरवले की इंधन कमी होते. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच, आधी वेगाची सुई आणि मग कमी फेऱ्यांची, असा क्रम पाळावा, आणि एका वेळी घड्याळाच्या तासकाट्याने एका तासात कापलेले अंतर, म्हणजे एका फेऱ्याचा बारावा भाग, याहून अधिक फिरवू नये. सरळ पट्ट्यावर पूर्ण वेगात मोटार मोकळ्या आवाजात धावली पाहिजे आणि तिच्यामागे धुराची फिकट निळसर रेघ अखंड दिसली पाहिजे. कमी फेऱ्यांची सुई तपासण्यासाठी, इंजिन हलके चालू असताना टाकीकडून येणारी इंधनाची नळी चिमटीत दाबून धरतात: दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून इंजिन बंद पडले तर सुई योग्य, लगेच बंद पडले तर लीन, बराच वेळ रेस होत राहिले तर रिच. प्लगजवळचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजता येते आणि ते साधारण १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावे. मात्र केवळ आकड्यावर विसंबून सुई फिरवणे धोक्याचे, कारण चाळीस अंशांच्या उन्हात रिच इंजिनही गरम दिसते आणि गार वाऱ्यात लीन इंजिनही थंड.

आवाज आणि धूर वाचण्याची ही विद्या मराठवाड्याला परकी नाही. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांची डिझेल इंजिने विहिरींवर चालवलेल्या शेतकऱ्यांना ठोक्यातील बदल बांधावरून ऐकू येत असे. फरक इतकाच की डिझेल इंजिनाचा काळा धूर हा बिघाड समजतात, तर नायट्रो इंजिनाचा फिकट धूर म्हणजे बाहेर पडणारे वंगण. तो दिसेनासा झाला तर तत्काळ इंजिन बंद करावे.

एवढे करूनही या भागात इंजिन मारणारी खरी गोष्ट जुळणीतील चूक नसून धूळ आहे. काळी माती सुकल्यावर तिची पूड पिठाइतकी बारीक होते आणि बेसॉल्टच्या मुरमाचे कण कठीण व धारदार असतात. ते तेलकट बाहीत शिरले की वाळूच्या कागदासारखे काम करतात आणि एका दुपारीत तो मोलाचा घट्टपणा खाऊन टाकतात. त्यामुळे दोन थरांची फोमची हवागाळणी, त्यासाठीचे चिकट तेल नीट मुरवून, प्रत्येक खेपेनंतर धुऊन बदलणे हा धाराशिवमध्ये निवडीइतकाच मोठा प्रश्न आहे. गाळणी कार्ब्युरेटरला जिथे जोडली जाते तो रबरी सांधा तारेने किंवा पट्टीने आवळावा, कारण धूळ गाळणीतून कमी आणि त्या सांध्याच्या फटीतून अधिक शिरते.

इंधनाबाबत एक गोष्ट ठासून सांगणे भाग आहे. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, त्यामागे मिथेनॉलच होते. त्याचे अगदी थोडे घोट दृष्टी घालवू शकतात, आणि दिवसाच्या उजेडात त्याची ज्योत दिसतही नाही. तयार इंधन परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे, घरी मिश्रण करू नये, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते कधीही भरू नये आणि घरातील मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये. डबा घट्ट बंद असावा, कारण मिथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओले इंधन कोणत्याही सुईने जुळत नाही.

पावसाळ्यात मातीची वाट चिखल होते आणि इंजिन तीन-चार महिने फडताळात जाते. ठेवण्यापूर्वी नळीतील इंधन जाळून संपवावे, गंजरोधक तेलाचे थेंब प्लगच्या छिद्रातून आणि कार्ब्युरेटरमधून सोडून चक्र फिरवावे, नाहीतर ज्वलनानंतर उरलेले आम्लयुक्त अवशेष आणि दमट हवा मिळून बेअरिंगला गंज चढवतात. पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवला तर बाहीचा निमुळता भाग ताणाखाली राहत नाही. दिवाळीनंतर ते बाहेर निघेल तेव्हा सुया उन्हाळ्यातील शेवटच्या दुपारी होत्या तिथेच असतील. म्हणून कार्तिकातल्या पहिल्या गार सकाळी, चक्र फिरवण्याच्याही आधी, वेगाची सुई पाव फेरा उलटी, रिचच्या बाजूला, मोकळी करावी.