मनोरुग्णांमधील कॅटॅटोनियाचे प्रमाण
कॅटॅटोनिया ही हालचाल, वाचा व प्रतिसाद मंदावणारी वा विपरीत होणारी अवस्था आहे. कार्ल कालबाउम या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने १८७४ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. रुग्ण तासन्‌तास एकाच स्थितीत राहतो, बोलत नाही, अन्नपाणी नाकारतो. काहींमध्ये उलट निरर्थक खळबळ दिसते.

७४ अभ्यासांच्या २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण सरासरी ९ टक्के आढळले. मात्र निकष व तपासणीपद्धतीनुसार आकडे बरेच बदलतात. दीर्घकाळ ही अवस्था छिन्नमानसाचाच प्रकार मानली गेली, त्यामुळे भावविकारांतील रुग्ण नजरेआड झाले; अबोल रुग्ण हट्टी समजला गेला तरी निदान हुकते.

लोराझेपाम या औषधाने अनेकदा लवकर सुधारणा होते. न झाल्यास विद्युत्-उपचार देतात. पाणी तुटलेल्या रुग्णाला मात्र विलंब घातक ठरतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून रत्नागिरीचे शासकीय मनोरुग्णालय सुमारे १३० किलोमीटर, घाटापलीकडे आहे.