आखातातला शर्यतींचा हिवाळा

अबुधाबी, फेब्रुवारी

अमिरातीत वर्ष बारा महिन्यांचं नसतं. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन मजुरांना उघड्यावर राबवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यावरून इथल्या उन्हाळ्याची कल्पना यावी. त्या दिवसांत मुलं घरात कोंडलेली असतात आणि मोठी माणसं चालायच्या व्यायामासाठी मॉल गाठतात. नोव्हेंबर लागला की सगळा देश दाराबाहेर येतो. वाळवंटात तंबू पडतात, दुबईच्या ग्लोबल व्हिलेज जत्रेच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागतात. मॅरेथॉन, गोल्फ, घोड्यांच्या आणि उंटांच्या शर्यती, सगळं ऊन पुन्हा तापायच्या आत उरकायचं असतं. या दाटीवाटीत, फेब्रुवारीच्या सुमारास, लागोपाठचे दोन शनिवार-रविवार एशियन ल माँ सिरीजच्या वाट्याला येतात. हा देश कसा चालतो हे मला या शर्यतींत फार स्पष्ट दिसतं, म्हणून हे पत्र त्यांच्याविषयी.

फ्रान्समधल्या ल माँ शहरात १९२३ पासून चोवीस तासांची मोटार शर्यत भरते. जून महिना, एका फेरीला साडेतेरा किलोमीटरहून जास्त अंतर, आणि त्यातला बराच भाग एरवी वाहतुकीचा साधा रस्ता. ती शर्यत भरवणाऱ्या क्लबच्याच छत्राखाली ही आशियाई मालिका चालते. आता हंगामात सहा शर्यती असतात: डिसेंबरात मलेशियातल्या सेपांगला दोन, मग दुबईला दोन आणि शेवटी अबुधाबीला दोन. प्रत्येक शर्यत चार तासांची. हंगामाच्या विजेत्या संघांना ल माँचं आमंत्रण मिळतं. तिथे जेमतेम साठ-बासष्ट गाड्यांना जागा, त्यामुळे या आमंत्रणासाठी युरोपातले संघ आपला सगळा बाडबिस्तरा घेऊन आखातात उतरतात. त्यांच्याकडे या दिवसांत थंडीने टायर तापत नाहीत, मेकॅनिकांच्या हाताला काम नसतं. त्यांच्या रिकाम्या महिन्यांत अमिरातीचा मोसम भरात असतो.

गाड्या तीन प्रकारच्या. जीटी वर्गातली फेरारी, पोर्श किंवा मॅक्लारेन शोरूममधल्या गाडीची सख्खी बहीण शोभते. प्रोटोटाइप मात्र शर्यतीखेरीज कुठेच चालत नाहीत. त्यांतल्या वरच्या, म्हणजे एलएमपी२ वर्गात जवळजवळ सगळ्या गाड्या फ्रान्सच्या ओरेका कंपनीच्या एकाच मॉडेलच्या, २०१७ पासून धावत असलेल्या. इंजिन ब्रिटनच्या गिब्सनचं, ४.२ लिटरचं व्ही-८, आणि सगळी गाडी एक टनाहूनही हलकी. एलएमपी३ हा धाकटा, कमी खर्चाचा वर्ग. तिन्ही वर्ग एकाच वेळी एकाच सर्किटवर सोडतात, आणि खरी गंमत तिथे आहे. एलएमपी२ जीटीपेक्षा फेरीमागे सुमारे दहा सेकंद वेगवान, त्यामुळे पुढे असलेल्या चालकालाही चार तास सतत कुणाला तरी ओलांडतच जावं लागतं. वाऱ्याने उडून आलेली बारीक वाळू सर्किटवर पसरते. गाड्या ज्या पट्ट्यावरून धावतात तेवढा साफ होतो, बाकीचा निसरडाच राहतो. ओलांडायला पट्टा सोडला की चाकं वाळूवर. चाळीसहून जास्त गाड्यांच्या गर्दीत हा निर्णय दर वळणाला घ्यावा लागतो, आणि तो घेणारा चालक नेहमी व्यावसायिक असतोच असं नाही.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने चालकांची प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशी प्रतवारी केली आहे. ब्राँझ म्हणजे हौशी: कुणी उद्योजक, कुणी कारखानदार, ज्याने बहुधा तिशी उलटल्यावर शर्यतीचा परवाना काढला. या मालिकेत प्रत्येक गाडीत एक तरी ब्राँझ चालक लागतोच आणि त्याने ठरावीक वेळ चाक हाती धरलंच पाहिजे. संघाचा बराचसा खर्च अनेकदा तोच उचलतो. त्याच्या पैशावर तरुण व्यावसायिक चालकाला काम मिळतं, मेकॅनिकांची घरं चालतात. पैसेवाल्यांची चैन म्हणून याला नाक मुरडणारे भेटतात. मला ते पटत नाही. पन्नाशीतला माणूस दिवसभराचा धंदा बाजूला ठेवून व्यायाम करतो, तासन्‌तास सिम्युलेटरवर बसतो आणि मग आपल्या मुलाच्या वयाच्या व्यावसायिक चालकासमोर त्याच वळणावर ब्रेक दाबतो. शर्यतीचा निकाल बहुतेकदा त्याच्याच तासाभरात ठरतो. उत्तम व्यावसायिक चालक एकमेकांपासून काही दशांश सेकंदांवर असतात, ब्राँझ चालकांत मात्र दोन-दोन सेकंदांचं अंतर पडतं. म्हणून जाणकार प्रेक्षक घड्याळ लावून बघतो ते ब्राँझवाल्याकडे.

आता दोन सर्किटांकडे वळतो, कारण त्यांत दोन अमिरातींचे स्वभाव उतरले आहेत. दुबई ऑटोड्रोम २००४ मध्ये सुरू झालं. ते बांधलं एका बांधकाम कंपनीने, आणि सर्किटभोवती मोटर सिटी नावाची वसाहत उभी केली. घरं विकायची तर शेजारी काहीतरी आकर्षण हवं, हा दुबईचा नेहमीचा हिशेब. तेल इथे फारसं नव्हतंच. जे होतं त्यातून बंदर, विमानतळ आणि रस्ते केले, आणि पुढची कमाई येणाऱ्या-जाणाऱ्यांवर. शेजारी फॉर्म्युला वनच्या संकल्पनेवरचं मनोरंजन उद्यानही व्हायचं होतं. ते मंदीत बारगळलं. आजही मेट्रो तिथवर जात नाही, टॅक्सी किंवा बस करावी लागते. सर्किटच्या कुंपणापलीकडे लोकांच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत असतात आणि अलीकडे ताशी अडीचशेहून अधिक वेगाने गाड्या जातात.

अबुधाबीचं यास मरीना सर्किट वेगळ्याच पैशातून आलं. देशाच्या तेलसाठ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त अबुधाबीकडे आहेत. सरकारच्या पाठबळावर यास बेटच विकसित केलं गेलं: सर्किट, मरीना, थीम पार्क आणि शर्यतीच्या मार्गावरून आरपार जाणारं हॉटेल. पिटमधून, म्हणजे टायर-इंधनाच्या थांब्यातून, बाहेर पडणारी गाडी बोगद्यातून सर्किटखालून जाते. असा खर्च हात सैल असल्याशिवाय कुणी करत नाही. पहिली फॉर्म्युला वन शर्यत इथे १ नोव्हेंबर २००९ ला झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने कर्जफेडीला मुदत मागितली आणि जगभरचे बाजार हादरले. डिसेंबरात अबुधाबीने दहा अब्ज डॉलर पुढे केले. जानेवारीत जगातली सर्वांत उंच इमारत खुली झाली तेव्हा तिचं नाव बुर्ज दुबई न राहता अबुधाबीच्या शासकांच्या नावावरून बुर्ज खलिफा झालं होतं. आठवडाभराच्या अंतराने या दोन सर्किटांवर तेच संघ, त्याच गाड्या धावतात, पण यजमान बदललेला असतो. दुबईत व्यापाऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटतं, अबुधाबीत संस्थानिकाच्या.

तरी यासची एक गोष्ट मला मनापासून आवडते. ठरावीक संध्याकाळी हे सर्किट लोकांना फुकट खुलं असतं. त्याच डांबरावर फिलिपिनो नर्सेस, केरळी हिशेबनीस, सायकली घेतलेली अरब पोरं, बाबागाडी ढकलणाऱ्या आया चालत असतात. देशाच्या लोकसंख्येत परदेशी माणसं नव्वद टक्क्यांच्या घरात. त्यातले ३५ लाखांहून अधिक भारतीय. नागरिकत्व जवळजवळ कुणालाच मिळत नाही. यायचं, काम करायचं, व्हिसा आहे तोवर राहायचं. शर्यतीच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावरही, हेच चित्र: पोर्तुगीज संघ, फ्रेंच गाडी, डॅनिश चालक, आणि वळणावळणावर झेंडे घेऊन उभे असलेले स्वयंसेवक मार्शल, ज्यांत आपले लोक बरेच. आठवडाभर कचेरीत काम करून ते सुट्टीचे दोन दिवस उन्हात उभे राहतात. स्थानिक अरबांना मोटार शर्यतींचं वेड नाही असं मात्र समजू नका. महासंघाचे २०२१ पासूनचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलेम दुबईचेच, मध्यपूर्वेतलं रॅलीचं विजेतेपद चौदा वेळा जिंकलेले. आणि उंटांच्या शर्यतीत, जिथे लहान मुलांना जॉकी बसवण्यावर २००५ च्या सुमारास बंदी आली आणि पाठीवर यंत्रमानव आले, तिथे मालक धावपट्टीच्या कडेने गाड्या पळवत रेडिओवरून चाबूक हलवतात.

भारताचा या हिवाळ्याशी संबंध जुना नाही, पण ठळक आहे. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, सगळी मालिका दुबई-अबुधाबीत हलवली गेली आणि दोन आठवड्यांत चार शर्यती झाल्या. त्यात एलएमपी२ वर्गात ‘रेसिंग टीम इंडिया’ उतरली: नरेन कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव, तिघेही भारतीय वंशाचे. नरेन २००५ मध्ये फॉर्म्युला वन गाठणारा पहिला भारतीय. २००९ मध्ये तो ल माँला पोहोचलाही होता, पण शर्यत सुरू होण्याआधी पिटच्या भिंतीवरून पडून त्याचा खांदा निखळला आणि त्याला गाडीत बसताच आलं नाही. ल माँच्या चोवीस तासांत धावलेला पहिला भारतीय ठरला करुण चंढोक, २०१२ मध्ये, आणि त्याची गाडी सहावी आली. त्याच २०२१ च्या हिवाळ्यात याच दोन सर्किटांवर फॉर्म्युला थ्रीच्या आशियाई मालिकेत ‘मुंबई फाल्कन्स’ संघ उतरला, मुंबईचा जेहान दारूवाला त्याचा चालक. दोन वर्षांनी याच संघातून आंद्रेया किमी अँटोनेली नावाच्या इटालियन मुलाने इथली फॉर्म्युला रीजनल मालिका जिंकली. तो आता मर्सिडीजकडून फॉर्म्युला वनमध्ये आहे. मुंबईचं नाव असलेल्या संघाला धावायला मात्र समुद्र ओलांडावा लागला, याची मला खंत आहे. हिवाळा आपल्याकडेही सुरेख असतो आणि नोएडाजवळचं बुद्ध सर्किट पहिल्या दर्जाचं आहे. पण २०१३ नंतर फॉर्म्युला वन तिथून गेलं ते कर आणि सीमाशुल्काच्या कटकटींनी. इथे गाड्यांचे कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरतात, सर्किटवर जातात, परत जातात. या सोयीचीच अमिरातीने किंमत वसूल केली आहे.

या व्यवस्थेपुढे एक अडचण मात्र चालून येते आहे, आणि तिच्यावर पैशाचा इलाज नाही. रमजान दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो १८ फेब्रुवारीच्या आसपास येतो, २०२७ मध्ये ८ फेब्रुवारीच्या सुमारास, आणि २०३० मध्ये जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात. रमजानमध्ये दिवसा हा देश संथ होतो, कचेऱ्यांच्या वेळा आखूड होतात, मोठे समारंभ कुणी ठेवत नाही. फॉर्म्युला वनने २०२४ मध्ये याच कारणाने बहरीन आणि जेद्दाच्या शर्यती रविवारऐवजी शनिवारी घेतल्या. ल माँवाल्यांना तेवढ्याने भागणार नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला यासवर फॉर्म्युला वनचा अखेरचा सोहळा असतो, जानेवारीत दुबईची स्वतःची चोवीस तासांची शर्यत, आणि सेपांगहून सामान समुद्रमार्गे यायला आठवडे लागतात. माझा अंदाज असा की आधी आखातातल्या शर्यती उरकून शेवट मलेशियात करावा लागेल, म्हणजे ल माँचं आमंत्रण सेपांगच्या पावसात ठरेल.