बेटावर बंगला घ्यायचाय? आधी त्या ६३ लाखांचं बोलू



यवतच्या बॅचमधली गोष्ट आहे. कार्यशाळा संपली, चहा झाला, पोरं खुर्च्या उचलायला लागली आणि दिवसभर मागच्या रांगेत गप्प बसलेले एक दादा पुढे आले. खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. निळा समुद्र, पांढरी वाळू, स्विमिंग पूलवाला व्हिला. खाली लिहिलेलं, मॉरिशस.

"सर, हायवेकडची जमीन दिली. साडेचार कोटी आले. गुऱ्हाळ चालूच आहे, पण आता पुरे झालं. बायको-पोरांना घेऊन इथं जावं म्हणतो. घर घेतलं की तिथं राहायचा परवाना मिळतो म्हणे. खरंय का?"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मी हसलो नाही. कारण सोलापूर रोडच्या दोन्ही बाजूंनी जमिनीला जो भाव आलाय, तो बघता हा प्रश्न आता चेष्टेचा राहिलेला नाही. पैसा आहे, स्वप्न आहे आणि फोनवर गोड बोलणारा एजंटही आहे. नसतो तो फक्त कागदावरचा हिशेब. तोच आज करू. व्हिडिओत वेळेअभावी भराभर बोललो होतो, इथे सविस्तर लिहितोय.

आधी दादांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, खरं आहे. मॉरिशसमध्ये परदेशी माणसाला मनाला येईल तिथे जमीन घेता येत नाही, १९७५ च्या कायद्याने त्यावर बंधन आहे. पण सरकारने मान्यता दिलेल्या प्रकल्पात घर घेता येतं आणि ते किमान ३,७५,००० अमेरिकन डॉलरचं असेल तर मालकाला राहण्याचा परवाना मिळतो. ही रक्कम आधी ५ लाख डॉलर होती, २०२० मध्ये खाली आणली.

आता इथेच पहिली मेख आहे. एजंट तुम्हाला स्वस्तातला फ्लॅटही दाखवेल. तळमजला अधिक किमान दोन मजले अशा इमारतीतला फ्लॅट परदेशी माणसाला घेता येतो, त्याची किमान किंमत ६० लाख मॉरिशस रुपये. पण ३,७५,००० डॉलरच्या खाली राहिलात तर फ्लॅट तुमचा, परवाना नाही. सुट्टीला जायचं, परत यायचं. आणि दुसरी मेख, परवाना घराला बांधलेला असतो. घर विकलं की परवाना गेला. पोरांच्या शाळा तिथे सुरू झाल्यावर हे आठवून उपयोग नाही.

हे बेट आहे केवढं? मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटर. आपला पुणे जिल्हा त्याच्या आठपटीहून मोठा आहे. पण आपल्याला ते अगदीच परकंही नाही. १८३४ पासून इंग्रजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारावर हिंदुस्थानी मजूर नेले. बिहार-उत्तर प्रदेशाकडचे जास्त, पण त्यात आपल्या मराठी मुलखातलेही होते. जिथे ते बोटीतून उतरायचे तो पोर्ट लुईसचा आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आज तिथे गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते आणि शाळेत मराठी शिकायची सोय आहे. म्हणजे दादा तिथे गेले तर मोदकाला वांधा नाही!

पण मला त्या उसाची पुढची गोष्ट सांगायचीय, कारण दौंडकरांना ती लगेच कळेल.

मॉरिशसची साखर युरोप ठरलेल्या चढ्या भावाने घ्यायचा. किती तरी वर्षं सगळं त्यावर चाललं. मग युरोपने धोरण बदललं आणि २००६ ते २००९ मध्ये तो भाव ३६ टक्क्यांनी खाली आणला. वारं फिरतंय हे तिथल्या सरकारला आधीच दिसलं होतं. २००२ मध्येच त्यांनी परदेशी लोकांना आलिशान व्हिला विकण्याची योजना आणली, २००७ मध्ये छोट्या जमीनमालकांसाठी दुसरी आणि २०१५ मध्ये दोन्ही एकत्र करून आजची पीडीएस योजना. साखर कारखान्याच्या मोठमोठ्या कंपन्यांनी काय केलं? ऊस मोडला, पण जमीन बिल्डरला देऊन मोकळ्या झाल्या नाहीत. स्वतःच बिल्डर झाल्या. उसाच्या रानात गोल्फ कोर्स आले, व्हिला आले. दादांच्या मोबाइलवरचा तो फोटो, बहुतेक एखाद्या जुन्या उसाच्या फडावरच उभा असेल.

आपल्याकडे हे कुणी केलंच नाही असं नाही. यवतहून पुण्याला जाताना हडपसरला उजव्या हाताला मगरपट्टा लागतो. सुमारे ४०० एकर जमीन, १२० च्या आसपास शेतकरी कुटुंबं. सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्यांनी एकत्र कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा. जमीन विकून पैसे वाटून घेतले असते तर आज त्यातले किती उरले असते, तुम्हीच सांगा. मॉरिशसचा साखर कारखानदार आणि मगरपट्ट्याचा शेतकरी, दोघेही जमीन विकण्याऐवजी जमिनीवर बांधलेलं विकत होते. आपले दादा मात्र इथे जमीन विकून तिथे बांधलेलं विकत घ्यायला निघालेत. दोन्ही व्यवहारांत टेबलाच्या चुकीच्या बाजूला! हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण उठून गेले नाहीत.

बरं, जमीन तर गेली. आता पैसे.

सोप्या हिशेबासाठी डॉलर ९० रुपये धरू. ३,७५,००० डॉलर म्हणजे ३ कोटी ३७ लाख ५० हजार. दादा म्हणाले, "मग झालं की, वर कोटभर उरतात." थांबा.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. म्हणजे एकट्याच्या नावाने एका वर्षात हे घर होतच नाही. एक तर नवरा-बायको दोघांनी मिळून पाठवायचे आणि घरात दोघांची नावं लावायची, नाहीतर थोडे मार्चपर्यंत आणि उरलेले एप्रिलनंतर. शिवाय अशा खरेदीचे पैसे बाहेर पाठवायला इथल्या बँकेने कर्ज द्यायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे जे काही ते रोख, स्वतःचं.

आणि मग येतं टीसीएस. घरखरेदीसाठी बाहेर पैसे पाठवताना वर्षाला माणशी १० लाखांच्या वर जेवढी रक्कम जाईल, तिच्यावर बँक २० टक्के कापून सरकारकडे जमा करते. दोघांनी निम्मे-निम्मे पाठवले तर प्रत्येकी १ कोटी ६८ लाख ७५ हजार. त्यातून १० लाख वजा, उरलेल्यावर २० टक्के, म्हणजे प्रत्येकी ३१ लाख ७५ हजार. दोघांचे मिळून ६३ लाख ५० हजार रुपये!

हा खर्च नाही, हे नीट समजून घ्या. आयटीआर भरताना तो तुमच्या करातून वळता होतो, कर नसेल तर परत मिळतो. पण कधी? एप्रिलमध्ये पैसे पाठवले तर रिटर्न भरायची वेळ येते पुढच्या वर्षी आणि परतावा त्याच्याही नंतर. सव्वा वर्ष तरी गेलंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवले तर अडकण्याचा काळ बराच कमी. आता गुऱ्हाळवाल्या माणसाला ६३ लाख म्हणजे काय ते विचारा. ऊस टनाला ३,००० रुपये धरला तर २,१०० टनांहून जास्त ऊस! एवढा ऊस सव्वा वर्ष कुणाला उधार द्याल का तुम्ही?

तर साडेचार कोटींतून सुरुवातीलाच ४ कोटी १ लाख बाहेर. वर तिथलं नोंदणी शुल्क, नोटरीची फी, फर्निचर, तिकिटं. हातात राहिलं काय, तर गुऱ्हाळ आणि त्याला लागणारं खेळतं भांडवलसुद्धा पुरतं नाही.

कराच्या बाबतीत मात्र दादांचं नशीब चांगलं. त्यांची जमीन ग्रामीण शेतजमीन होती आणि विकेपर्यंत शेतजमीनच राहिली. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची (त्या नगरपालिकेच्या लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटर) शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. पण तुमच्यापैकी ज्यांनी आधी एनए केलं, प्लॉट पाडले आणि मग विकले, त्यांनी सीएकडे बसल्याशिवाय एक रुपया हलवू नका. "घर घेतलं की कर वाचतो" हे ऐकून असाल, पण २०१४ च्या अर्थसंकल्पापासून ती सवलत भारतातल्या घरालाच आहे. समुद्रापलीकडच्या बंगल्याने कर वाचत नाही.

आणि तुम्ही भारताचे करनिवासी असाल तोवर ते परदेशातलं घर दरवर्षी आयटीआरमध्ये दाखवायचं. विसरलात तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, घर अगदी पांढऱ्या पैशाचं असलं तरी.

तिथल्या व्यवहाराबद्दल थोडं. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर टप्प्याटप्प्याने पैसे द्यायचे असतात आणि खरेदीखत नोटरीपुढे होतं. हा नोटरी म्हणजे तहसीलबाहेर छत्री लावून शिक्का मारणारा नव्हे. फ्रेंच पद्धतीप्रमाणे तिथे नोटरी हा मोठा कायदेशीर अधिकारी असतो, मालकीची तपासणी आणि खरेदीखत त्याच्याच हातून होतं. एजंट म्हणाला "टोकन माझ्या खात्यात टाका", तर तिथेच नमस्कार करून उठायचं. कागद फ्रेंचमध्ये असतील तर भाषांतर स्वतःच्या पैशाने करून घ्या, विकणाऱ्याने दिलेलं नको.

हे मी अनुभवाने सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी मला गोव्याच्या बेटाचं वेड लागलं होतं. मांडवीतलं दिवाडी. फेरीबोटीने जायचं, जुनी पोर्तुगीज घरं, शांतता. एक घर बघितलं, प्रेमात पडलो आणि कागद बघायच्या आधी टोकन दिलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून वेगळा दिवाणी कायदा चालतो, नवरा-बायको मालमत्तेत सहसा निम्मे-निम्मे असतात. विकणाऱ्याच्या बायकोची सही लागते, वाडवडिलांचं घर असेल तर सगळ्या वारसांचा निकाल आधी लावावा लागतो. माझ्या त्या घराला वारस किती निघाले ते विचारू नका. टोकन दोन वर्षांनी परत मिळालं, बिनव्याजी. तिथे शेतजमीन घ्यायचा विचार असेल तर २०२३ चा कायदा आधी वाचा, बिगरशेतकऱ्याला ती आता सहज विकता येत नाही.

पुन्हा दादांकडे. एवढं सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हणजे जाऊ नको म्हणता." मी तसं म्हणालोच नव्हतो. त्यांना हवं होतं ते दोन वेगळ्या गोष्टींचं मिश्रण होतं, तिथे राहणं आणि तिथे घर घेणं. राहायला घर विकतच घ्यावं लागतं असं कुणी सांगितलं? भाड्याने राहता येतं. उद्योग करायला जाणाऱ्यांसाठी मॉरिशसचा वेगळा परवाना आहे आणि त्याची भांडवलाची अट व्हिलाच्या किमतीपेक्षा खूप खाली आहे. मी त्यांना विचारलं, तिथे सकाळी उठून करणार काय? तीस वर्षं पहाटे चारला चुलवण पेटवणारा माणूस पूलशेजारी किती दिवस बसेल? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वहिनींकडे बघून म्हणाले, "ह्यांना विचारा."

वहिनी म्हणाल्या, "आठ दिवस."

मग आम्ही एक ठरवलं. सहा आठवडे भाड्याचं घर घ्यायचं, तेही जानेवारी-फेब्रुवारीत. त्या दिवसांत तिथे उकाडा, पाऊस आणि चक्रीवादळांचा हंगाम असतो, फोटोतलं मॉरिशस तेव्हा दिसत नाही. आणि इकडे यवत-केडगाव-राहू पट्ट्यात गुऱ्हाळं जोरात असतात. दोन्ही परीक्षा एकदमच. बेट वाईट दिवसांत आवडतं का, आणि मालक नसताना गुऱ्हाळ चालतं का.

तोवर पैसे वेगवेगळ्या बँकांत मुदत ठेवीत, सहा-सहा महिन्यांच्या. एजंटचा फोन आला तर वहिनींनी उचलायचा.

परवा दादांचा मेसेज आला. मुंबईहून तिकिटं काढलीत. धाकटा भाऊ रोज संध्याकाळी किती ढेपा निघाल्या, काहिलीला किती ऊस लागला आणि कुणाला किती उधारी दिली हे वहीत लिहून फोटो पाठवायला शिकतोय. पहिल्या आठवड्यात तीन दिवस फोटो आलाच नाही, म्हणून दादांनी जायच्या आधी महिनाभर यवतमध्येच राहून गुऱ्हाळावर पाय न ठेवायचं ठरवलंय.